माहिती देणाऱ्याचे नाव कसे राखावे: सीमाभागातील वार्ताहराच्या प्रश्नाला उत्तर

कर्नाटकातील चिकोडी तालुक्यातील एका तरुण वार्ताहराने विचारले आहे की, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करणारा कर्मचारी काटामारीची, म्हणजे उसाचे वजन कमी दाखवण्याची, माहिती द्यायला तयार आहे, पण आपले नाव कुठेही येता कामा नये अशी त्याची अट आहे. त्याला तशी खात्री द्यावी काय, आणि दिली तर ती पाळायची कशी? प्रश्न एका कारखान्याचा असला तरी निपाणीपासून खानापूरपर्यंत, ग्रामपंचायतीतील पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) कार्यालयात असो वा सरकारी दवाखान्यात, तो याच स्वरूपात पुढे येतो. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. माहिती देणाऱ्याचे नाव फुटण्याचा विषय निघाला की लोक फोन टॅपिंग आणि हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलू लागतात. ते धोके खरे आहेत आणि त्यांच्याकडे पुढे येतोच. परंतु तालुक्याच्या पातळीवर माणूस उघडा पडतो तो बहुतेक वेळा आपणच छापलेल्या बातमीमुळे. बातमी वाचल्यावर संबंधित अधिकारी एवढेच विचारतो की ही गोष्ट आपल्याकडे कोणाकोणाला ठाऊक होती. उत्तर तीन माणसांत आटोपत असेल, तर त्या तिघांपैकी कोण बोलला याचा निवाडा संध्याकाळपर्यंत होऊन जातो, आणि कधी कधी ज्याने आपल्याला अवाक्षरही सांगितलेले नाही अशाच माणसावर ठपका बसतो. म्हणून ही गोष्ट कोणाकोणाला ठाऊक असू शकते, या वर्तुळाचा घेर छापण्यापूर्वी वाढवत नेणे हे आपले पहिले काम आहे. बाकीची खबरदारी त्यानंतर येते.

तुमच्याच प्रश्नातील उदाहरण घेऊ. गळीत हंगामात काटा दिवसरात्र चालतो, पाळीनुसार माणसे बदलतात, आणि वजनाच्या पावतीवर वाहनाचा क्रमांक, तारीख आणि वेळ यांची नोंद असते. अशी एक पावती तुम्ही छापली, किंवा अमुक रात्री अमुक ट्रॅक्टरमागे इतके क्विंटल कमी दाखवले असे लिहिले, तर त्या वेळी काट्यावर कोण होते हे पाळीपत्रक पाहून कोणालाही सांगता येईल. त्याऐवजी कर्मचाऱ्याचे सांगणे केवळ दिशा दाखवणारे मानावे आणि बातमी दुसऱ्या पुराव्यावर उभी करावी. निरनिराळ्या गावांतील काही शेतकऱ्यांनी भरलेले वाहन आधी खासगी काट्यावर तोलून घ्यावे, परतताना रिकाम्या वाहनाचेही वजन करावे, आणि दोन्ही ठिकाणच्या पावत्या जपून ठेवाव्यात. वाहतुकीत ऊस वाळतो, त्यामुळे दोन वजनांमध्ये फार वेळ गेला तर थोडी घट नैसर्गिकच असते. म्हणून हे सारे एकाच दिवशी, शक्यतो काही तासांच्या आत व्हायला हवे, नाहीतर कारखाना हाच खुलासा पुढे करील. बाहेर तोललेला ऊस घ्यायला कोणी नकार दिला तर तोही बातमीचा भाग ठरतो. शेतकऱ्यांना आपले नाव देऊन बोलण्यात सहसा अडचण नसते, कारण नुकसान त्यांचेच झालेले असते. ट्रॅक्टरचालक, ऊसतोड टोळीचे मुकादम, शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते यांच्याशीही बोलावे. अशा रीतीने बातमी तयार झाली की ती शेकडो लोकांपैकी कोणाकडूनही आलेली असू शकते, आणि काट्यावरचा तुमचा माणूस त्या गर्दीत दिसेनासा होतो.

सरकारी कागद मिळवतानाही हीच दृष्टी ठेवावी. काट्यांची तपासणी आणि मुद्रांकन वैधमापन खाते करते, त्यामुळे तपासणीच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो, त्यामुळे शब्द मोजून वापरावेत, आणि एका कारखान्याऐवजी संपूर्ण तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील सर्व कारखान्यांची माहिती मागावी. अर्जाचे कारण सांगण्याचे बंधन कायद्याने आपल्यावर घातलेले नाही. मात्र कागदाचा नेमका जावक क्रमांक आणि तारीख अर्जात लिहिली, तर तो कागद आपल्याला आधीच कोणीतरी दाखवला आहे हे आपणच जाहीर करतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते हे लक्षात घेऊन अर्ज हंगामाच्या सुरुवातीलाच टाकावा.

काही वेळा घेर वाढवणे शक्यच नसते. एखादी गोष्ट खरोखर दोघांनाच ठाऊक असते आणि त्यांतला एक आपल्याशी बोललेला असतो. अशी बातमी, ती कितीही मोठी असली तरी, त्या घडीला छापू नये असे माझे स्पष्ट मत आहे. थांबावे, दुसरा मार्ग निघतो का पाहावे, आणि नाही निघाला तर ती सोडून द्यावी. संसार पणाला लावण्याचा निर्णय त्या माणसाने स्वतः, पूर्ण समजून घेतला असेल तरच तो वेगळा विषय होतो.

लिहिताना ‘काटा विभागातील कर्मचारी’ असे न म्हणता ‘कारखान्याच्या कामकाजाची माहिती असलेली व्यक्ती’ असे लिहिले तरी चालते. तेही खरेच आहे आणि अधिक सैल आहे. परंतु एका माणसाचे दोन अधिकारी करणे, पुरुषाची स्त्री करणे, किंवा त्याला दुसऱ्या खात्यात नेऊन बसवणे हे खोटे आहे, आणि त्यातून भलत्याच माणसावर संशय जातो. त्याचे शब्दही जसेच्या तसे अवतरणात देऊ नयेत. निपाणीकडची बोली, खानापूरकडची बोली आणि बेळगाव शहरातील कानडी वळणाची मराठी ऐकणाऱ्याला लगेच वेगळी कळते, आणि प्रत्येक माणसाची एखादी लकब असतेच. त्याचे म्हणणे आपल्या वाक्यात, अप्रत्यक्ष कथनाने सांगावे.

आता सीमाभागाची खास अडचण. येथील कार्यालयीन कामकाज कन्नडमध्ये चालते आणि अनेक कार्यालयांत मराठी बोलणारे कर्मचारी मोजकेच असतात. आतली माहिती पहिल्यांदा मराठी वृत्तपत्रात आली की साहेबांची नजर आपोआप त्या मोजक्या लोकांकडे वळते, माहिती दिलेली असो वा नसो. त्यातून प्रकरणाला भाषावादाचे वळण लागते आणि उसाच्या वजनाचा किंवा घरकुलांच्या यादीचा मूळ प्रश्न बाजूला पडतो, जरी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा ऊस एकाच काट्यावर कमी भरत असला तरी. यावर मला सर्वांत परिणामकारक वाटलेला उपाय म्हणजे विश्वासातील कन्नड वार्ताहराशी सहकार्य करणे. दोघांनी आपापल्या परीने शेतकऱ्यांकडून पुरावा गोळा करावा आणि बातमी दोन्ही भाषांत एकाच दिवशी यावी. स्रोताचे नाव मात्र त्या सहकाऱ्यालाही सांगायचे नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही.

याच कारणासाठी सीमाभागातील प्रत्येक मराठी वार्ताहराने कन्नड वाचायला शिकावे असा माझा आग्रह आहे. हाती आलेला कन्नड कागद समजून घेण्यासाठी मित्राला, शेजाऱ्याला किंवा कोर्टाच्या आवारातील टंकलेखकाला दाखवावा लागला, की गुपित त्याच क्षणी तिसऱ्या माणसाकडे गेले. कागदाचा फोटो भाषांतराच्या ॲपमध्ये टाकणे हाही त्यावरचा सुरक्षित उपाय नाही.

खात्री देण्याविषयी. ‘तुझे नाव कधीच बाहेर येणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण ते पूर्णपणे तुमच्या हातात नाही. ‘मी किंवा माझे वृत्तपत्र तुझे नाव कोणालाही सांगणार नाही’ हे वचन देता येते, आणि दिले की ते कोणत्याही परिस्थितीत पाळायचे असते. म्हणून देण्यापूर्वी संपादकाशी बोलून घ्या. नाव किती जणांना कळणार, बातमीत त्याचे वर्णन कसे होणार, त्याचे सांगणे केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरायचे की त्याचा उल्लेख करायचा, हे सारे माहिती घेण्याआधी ठरवावे. माहिती सांगून झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड होते बरं का’ या वाक्याने दोघांचीही पंचाईत होते. त्याला त्याचे धोकेही सांगा. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा संसदेने मंजूर केला, पण तो अद्याप अंमलात आणलेला नाही. कार्यालयातील कागद बाहेर नेणे हा सेवानियमांचा भंग ठरू शकतो आणि चोरीची फिर्यादही होऊ शकते. तुमच्या प्रकरणात तर त्याने कागद आणूच नयेत, पद्धत काय आहे एवढे तोंडी सांगावे, कारण पुरावा तुम्ही बाहेरून गोळा करू शकता.

तो का बोलत आहे हेही विचारा. वरिष्ठावरचा राग हे कारण असले तरी माहिती खरी असू शकते, मात्र तपासणी अधिक कडक हवी. आणि निनावीपण स्वस्तात वाटू नका. पुढाऱ्यांची एकमेकांवरची टीका रोज ‘विश्वसनीय सूत्रां’च्या नावावर छापण्याची सवय आपल्याकडे जडली आहे, आणि त्यामुळे ज्याला नोकरीची, जिवाची भीती आहे अशा माणसाच्या निनावी सांगण्यावरचा वाचकाचा विश्वास उडतो. हे मला मनापासून खटकते.

फोनविषयी आता. व्हॉट्सॲपवरील मजकूर दोन टोकांदरम्यान कूटबद्ध असतो, पण कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला याची माहिती कंपनीकडे असते, आणि साध्या कॉलची नोंद दूरसंचार कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवावी लागते. बातमी छापून येण्याच्या आदल्या आठवड्यात कधीही न बोललेल्या दोन क्रमांकांमध्ये पाच कॉल झाले, एवढी नोंद पुरेशी असते. आत काय बोलले ते कळण्याची गरजच नाही. सीमा ओलांडून शिनोळीला गेल्यावर फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो म्हणून आपण सुटलो, असा समज काही जणांचा आहे. तो चुकीचा आहे, नोंद तिकडेही होतेच. कारखान्याने दिलेल्या सिमकार्डवरून किंवा कार्यालयाच्या वायफायवरून त्याने तुमच्याशी काहीही बोलू नये. सिग्नल हे ॲप व्हॉट्सॲपच्या तुलनेत फारच कमी माहिती साठवते आणि त्यात आता फोन क्रमांक न दाखवता संपर्क ठेवता येतो. परंतु गावातल्या एखाद्याच माणसाच्या फोनमध्ये ते दिसले तर तेच प्रश्नाचे कारण होऊ शकते. निरोप आपोआप पुसले जातील अशी सोय सुरू ठेवावी, व्हॉट्सॲपचा क्लाउडवरील बॅकअप बंद करावा किंवा तोही कूटबद्ध करावा, आणि तुमच्या कार्यालयातील सामाईक संगणकावर व्हॉट्सॲप उघडे राहिलेले नाही ना हे आजच पाहावे.

या सगळ्यापेक्षा चांगली ती समोरासमोरची भेट, आणि भेट जितकी साधी तितकी सुरक्षित. अंधारात, गावाबाहेर भेटलेली दोन माणसे लक्षात राहतात. आठवडा बाजारात, लग्नात, यात्रेत बोललेली राहत नाहीत. अनोळखी मोटारसायकल कोणाच्या दारात किती वेळ उभी होती हे मात्र खेड्यात सर्वांना ठाऊक असते. जो वार्ताहर एरवीही प्रत्येक टेबलाशी जाऊन चहा घेतो, शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांशी बोलतो, त्याचे एका टेबलाशी थांबणे कोणाच्या नजरेत भरत नाही. ही तयारी बातमी हाती येण्याच्या कित्येक महिने आधीपासून करावी लागते.

कागद घ्यावाच लागला तर झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. लहान गावात दुकानदार कागदही वाचतो आणि आणणाऱ्यालाही ओळखतो. मोबाइलवर काढलेल्या फोटोत वेळ, फोनचे मॉडेल आणि कधी कधी ठिकाणही नोंदलेले असते, आणि फोटोच्या कडेला दिसणारी अंगठी, टेबलाची काच किंवा पेनाची खूण त्याहून अधिक बोलते. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात, ज्यांवरून प्रिंटर आणि वेळ ओळखता येते. अमेरिकेत २०१७ मध्ये गुप्त सरकारी दस्तऐवज पत्रकारांना देणाऱ्या रिॲलिटी विनर या महिलेच्या प्रकरणात पत्रकारांनी खातरजमेसाठी मूळ कागदाची प्रतच सरकारला दाखवली; ती छापील प्रत असल्याचे लक्षात आल्यावर तो दस्तऐवज कोणी छापून घेतला होता हे तपासले गेले आणि विनर पकडली गेली. म्हणून प्रतिक्रिया घेताना संबंधित अधिकाऱ्याला कागद दाखवू नये, त्यातील मुद्दा आपल्या शब्दांत विचारावा, आणि छापतानाही मूळ कागदाचे चित्र देण्याचा मोह टाळावा.

आपल्याच कार्यालयातून नाव फुटण्याची शक्यता लोक कमी लेखतात. आपल्या भागातील अनेक तालुका वार्ताहर मानधनावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर काम करतात, आणि साखर कारखाने मोठे जाहिरातदार असतात. जाहिरात विभागाला बातमीची कुणकुण लागली तर ती कारखान्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. नाव एकाच संपादकाला, तोंडी आणि स्रोताच्या संमतीने सांगावे. वहीत, बातमीच्या फाइलमध्ये किंवा ईमेलमध्ये लिहू नये. कोणी विचारलेच, अगदी सहकाऱ्याने विचारले की ‘अमक्याने सांगितले का?’, तर ‘तो नव्हे’ असेही म्हणू नये. आज एकाच्या बाबतीत नाही म्हटलेत की उद्या दुसऱ्याच्या नावावर बाळगलेले मौन म्हणजे होकार ठरतो. प्रत्येक नावाला एकच उत्तर: याविषयी मी बोलत नाही.

कायद्याचा आधार किती, हे नीट समजून घ्यावे, कारण याबाबत पत्रकारांमध्येच गैरसमज आहेत. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार बातमीचा स्रोत सांगण्याची सक्ती पत्रकारावर करता येत नाही, पण हे संरक्षण कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतेच आहे. पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात ते दाखवून उपयोग नाही. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला पुराव्याच्या कायद्यात जसे संरक्षण आहे तसे पत्रकाराला नाही. विधी आयोगाने १९८३ मधील आपल्या ९३ व्या अहवालात तशी तरतूद सुचवली होती, ती कायद्यात आली नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती नाही. दिल्लीतील एका न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तर तपास यंत्रणेपुढे स्रोत न सांगण्याची कोणतीही वैधानिक सूट पत्रकारांना नाही, असे स्पष्ट म्हटले. दुसऱ्या बाजूने, पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक मूलभूत अट असल्याचे नमूद केले. त्यामुळे वकिलाला युक्तिवाद करायला जागा आहे, पण तुमच्या खिशात हमीपत्र नाही. न्यायालयाने नाव सांगण्याचा आदेश दिला तर काय करायचे, याचा निर्णय वचन देतानाच मनाशी झालेला असावा, कारण नकाराची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल. मी ती मोजावी या मताचा आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागद आणि मोबाइलसारखी साधनेही हजर करण्याची नोटीस येऊ शकते. नोटीस आली की आधी वकील, मग उत्तर. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे कलम १०५ नुसार पोलिसांना बंधनकारक आहे, याची नम्रपणे आठवण द्यावी. पंचनामा कन्नडमध्ये असेल. तो वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. जप्त होणाऱ्या फोनमध्ये पत्रकारितेतील गोपनीय माहिती आहे, ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडू नये, असे लेखी देऊन पोच घ्यावी. पुढे उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत जाण्याची वेळ आली तर ती पोच उपयोगी पडते. बोटाच्या ठशाऐवजी लांब पासवर्ड ठेवावा. जुन्या नोंदी पुसण्याची सवय नियमित असावी, पण नोटीस हाती पडल्यानंतर एक कागदही नष्ट करू नये, कारण पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

बातमी आल्यानंतरचे दिवस त्या माणसासाठी सर्वांत कठीण असतात. त्याने ती बातमी स्टेटसवर ठेवू नये, पुढे पाठवू नये, कार्यालयात तिच्याबद्दल इतरांइतकेच बोलावे, आणि घरच्यांनाही काही सांगू नये, हे त्याला आधीच समजावून ठेवा. काही काळ एकमेकांशी संपर्क ठेवायचा नाही हेही आधी ठरवा, नाहीतर तुमच्या गप्प बसण्याचा तो वेगळा अर्थ घेईल. बोफोर्स तोफांच्या प्रकरणात पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांना कागदपत्रे देणारे स्वीडनचे पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ मध्ये, तब्बल २५ वर्षांनी, स्वतः पुढे येऊन आपले नाव सांगितले. तोपर्यंत ते सुब्रमण्यम यांच्याकडून बाहेर आले नव्हते. नाव सांगण्याचा हक्क माहिती देणाऱ्याचाच असतो, आणि बातमी जुनी झाली, तो निवृत्त झाला, म्हणून तो हक्क आपल्याकडे येत नाही.

आणि इतके करूनही त्याच्यावर संशय आला, बदली किंवा निलंबन झाले, तर लगेच त्याच्या बाजूने बातमी लिहायला धावू नका. तुमची तत्परताच संशयाला दुजोरा देईल. कामगार संघटनेमार्फत किंवा तुमच्याशी उघड संबंध नसलेल्या वकिलामार्फत त्याला मदत मिळेल असे पाहा. निलंबनाची बातमी द्यायचीच असेल तर ती दुसऱ्या वार्ताहराने, इतर कोणत्याही कर्मचाऱ्याच्या निलंबनाची द्यावी तशीच द्यावी.